विश्लेषण : समलिंगी म्हणून छळ झालेल्यांना आंतरराष्ट्रीय कायदा वाचवू शकतो का? भारताची भूमिका काय?

युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी समलैंगिकताविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केल्याचे २९ मे २०२३ रोजी जाहीर झाले आणि त्या देशात समलिंगी संबंधांसाठी जन्मठेप, तर काही प्रकरणांत थेट फाशीची तरतूद झाली. जीव वाचवण्यासाठी युगांडातील अनेक समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती शेजारच्या केनियात आश्रय मागतात. पण केनियातही समलिंगी संबंध हा १४ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. स्वतःचा देशच जिवावर उठला, तर माणसाने दाद कुठे मागायची? आंतरराष्ट्रीय कायदा अशा वेळी कितपत उपयोगी पडतो? आणि घरात ३७७ कलम मोडीत काढणारा भारत जगाच्या व्यासपीठावर गप्प का बसतो?

युगांडाचा कायदा काय सांगतो?

या कायद्यानुसार समलिंगी शरीरसंबंधांसाठी जन्मठेप होऊ शकते. ‘गंभीर स्वरूपाची समलैंगिकता’ असा एक वेगळा गुन्हा त्यात आहे आणि त्याला मृत्युदंड आहे. लहान मुलांवरील अत्याचार त्यात येतात, पण पुन्हा पुन्हा तोच ‘गुन्हा’ करणारी सज्ञान व्यक्तीही येते. समलैंगिकतेचा ‘प्रचार’ केल्यास २० वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. म्हणजे एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था किंवा या विषयावर लिहिणारा पत्रकारही कचाट्यात सापडू शकतो.

मूळ कायद्यात याहून भयंकर तरतुदी होत्या. एखादी व्यक्ती समलिंगी असल्याचा संशय आला, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक होते. अशा कामासाठी जागा भाड्याने देणारा घरमालकही गुन्हेगार ठरत होता. ३ एप्रिल २०२४ रोजी युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने या आणि आणखी दोन तरतुदी रद्द केल्या. बाकी कायदा, फाशीसह, कायम ठेवला.

हा फक्त युगांडाचा प्रश्न आहे का?

नाही. जगातील साठहून अधिक देशांत आजही समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. इराण, सौदी अरेबिया, येमेन, नायजेरियाचा उत्तर भाग अशा काही ठिकाणी मृत्युदंडाची तरतूद आहे. इराकने एप्रिल २०२४ मध्ये नव्याने कायदा करून १० ते १५ वर्षांचा तुरुंगवास ठरवला. दुसरीकडे बोट्स्वाना, मॉरिशस, नामिबिया या देशांतील न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत असे कायदे रद्द केले. जग एका दिशेने पुढे चालले आहे, असे म्हणण्याची सोय नाही. दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू आहे.

कायदा नसतानाही छळ होतो, हेही लक्षात ठेवायला हवे. घरच्यांची मारहाण, बळजबरीचे लग्न, ‘बरे करण्या’च्या नावाखाली उपचार, पोलिसांची खंडणी, नोकरीवरून हकालपट्टी हे प्रकार कुठल्या कलमात लिहिलेले नसतात. कायद्याने गुन्हा ठरवले, की या सगळ्याला सरकारी शिक्का मिळतो आणि पीडिताला पोलीस ठाण्याची पायरी चढणेही अशक्य होते.

हे कायदे आले कुठून?

बहुतांश राष्ट्रकुल देशांत ते ब्रिटिशांनी आणले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७७ वे कलम हा त्याचा नमुना. आजच्या भाषेत सांगायचे तर साम्राज्यभर त्याचे कॉपी-पेस्ट झाले, इतके की पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारमध्ये कलमाचा क्रमांकही ३७७ च राहिला. सिंगापूर आणि मलेशियात त्याला ‘अ’ जोडलेले कलम आले. सिंगापूरने ते २०२२ मध्ये रद्द केले. केनियाच्या भूमीवर तर ब्रिटिशांनी सुरुवातीला भारतीय दंड संहिताच लागू केली होती.

म्हणून ‘समलैंगिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. बाहेरून आला तो कायदा. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच नोंदवले. तिथले १८३८ पासूनचे कलम त्या देशातील लोकांच्या इच्छेतून आलेले नव्हते, ते वसाहतींवर लादले गेले होते, असे न्यायालयाने म्हटले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबे राहतात त्या बेटावर हे घडले, ही मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट.

आपल्याकडेही या विषयावरचे मौन मोडण्याचा प्रयत्न नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक प्रश्नांवरील वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली जात. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण वैज्ञानिक माहितीला अश्लील ठरवू नये, हा आग्रह मराठी समाजात नव्वद वर्षांपूर्वीही धरला जात होता.

आंतरराष्ट्रीय कायद्यात समलिंगींचा उल्लेख आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या मूळ मानवी हक्क करारांमध्ये ‘लैंगिक कल’ हा शब्द कुठेही नाही. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा किंवा १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा करार लिहिला गेला, तेव्हा अनेक देशांत हा गुन्हाच होता. मग संरक्षण मिळाले कसे? करारातील सर्वसाधारण शब्दांचा अर्थ लावून.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात समलिंगी संबंधांना २१ वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. निकोलस टूनेन या कार्यकर्त्याने २५ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा पूरक करार ऑस्ट्रेलियाला त्याच दिवसापासून लागू झाला होता. ३१ मार्च १९९४ रोजी समितीने निकाल दिला. सज्ञान व्यक्तींचे खासगी संबंध हा खासगीपणाच्या हक्काचा, म्हणजे कलम १७ चा भाग आहे आणि करारात भेदभावाला मनाई करताना वापरलेल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असे समितीने सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याच वर्षी कायदा केला. टास्मानियाने आपले कलम १९९७ मध्ये काढून टाकले.

त्याआधी १९८१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधील डजन खटल्यात असाच निर्णय दिला होता. आपल्या शेजारचे उदाहरण श्रीलंकेचे. तिथल्या दंड संहितेतील ३६५-अ कलमात १९९५ मध्ये स्त्रियांचाही समावेश झाला. रोझाना फ्लेमर-काल्डेरा या कार्यकर्तीच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीने २०२२ मध्ये सांगितले, की स्त्रियांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणे हे महिलांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणाऱ्या कराराचे उल्लंघन आहे. श्रीलंकेतील ते कलम मात्र या निर्णयाने आपोआप रद्द झाले नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात विधिज्ञांनी एकत्र बसून असे विखुरलेले कायदे एका सूत्रात बांधले. २९ तत्त्वांचा हा मसुदा ‘योग्यकर्ता तत्त्वे’ म्हणून ओळखला जातो. छळापासून आश्रय मागण्याचा हक्क हे त्यातील २३ वे तत्त्व. कोणत्याही देशावर ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. तरीही भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करताना त्यांचा आधार घेतला.

निर्वासितांच्या करारात हे कसे बसते?

१९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा ‘विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व’ या पाच कारणांवरून छळ होण्याची रास्त भीती असलेली आणि त्यामुळे देशाबाहेर पडलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित. यातील पाचवे कारण समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स व्यक्तींच्या उपयोगी पडले. जे बदलता येत नाही, किंवा जे बदलायला सांगणे माणुसकीला धरून नाही, असे वैशिष्ट्य असलेले लोक म्हणजे सामाजिक गट, असा अर्थ न्यायालयांनी लावला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या वॉर्ड खटल्यात अशा वैशिष्ट्यांची उदाहरणे देताना लैंगिक कलाचा उल्लेख केला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २०१२ मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

या करारातील सर्वांत मोलाचे कलम ३३ वे. जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे कुणालाही परत पाठवायचे नाही, असे ते सांगते. आंतरराष्ट्रीय कायदा मायदेशातील पोलिसांचा हात धरू शकत नाही. मात्र दुसऱ्या देशाला तो सांगू शकतो, की दारात आलेल्याला पुन्हा त्याच पोलिसांच्या हवाली करू नका.

‘गुपचूप राहा, म्हणजे काही होणार नाही’ असे सांगता येते का?

अनेक वर्षे आश्रयाचे अर्ज याच वाक्यावर फेटाळले जात होते. घरी परत जा, कुणाला सांगू नका, निभावून जाईल, असा त्याचा अर्थ. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१० रोजी इराणमधील एक आणि कॅमेरूनमधील एक अशा दोन समलिंगी पुरुषांच्या खटल्यात हा युक्तिवाद मोडून काढला. निकालात ॲन फ्रँकचे उदाहरण आहे. पोटमाळ्यावर लपून राहिल्यास नाझींना ती सापडणार नाही, म्हणून तिला छळाची भीती नव्हती असे म्हणायचे का? भीतीपोटी आयुष्यभर लपावे लागणे, हाच छळाचा पुरावा आहे, असे या निकालाचे सार.

सिएरा लिओन, युगांडा आणि सेनेगलमधील तीन पुरुषांनी नेदरलँड्समध्ये आश्रय मागितला होता. त्यांच्या प्रकरणात युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले, की ओळख लपवण्याची अपेक्षा अर्जदाराकडून ठेवता येणार नाही. मात्र मायदेशात केवळ कलम पुस्तकात असणे पुरेसे नाही, तुरुंगवासाची शिक्षा प्रत्यक्षात दिली जाते का हे पाहावे लागेल, अशी अटही घातली. इथेच या निकालाची मर्यादा दिसते. वापरात नसलेले कलमही ब्लॅकमेल करणाऱ्याच्या आणि लाच मागणाऱ्याच्या हातात पुरेसे धारदार असते. ३७७ असताना भारतातही हेच चालत होते.

समलिंगी असल्याचे सिद्ध कसे करायचे?

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत अपमानास्पद टप्पा. राजकीय कार्यकर्त्याकडे पक्षाचे ओळखपत्र असते, धर्माची नोंद कागदावर असते. ज्याने जिवाच्या भीतीने आयुष्यभर एकही पुरावा मागे ठेवला नाही, त्याने अधिकाऱ्यासमोर काय ठेवायचे? काहींनी स्वतःच्या शरीरसंबंधांच्या चित्रफिती देऊ केल्या. २ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने अशा चित्रफिती, शारीरिक ‘चाचण्या’ आणि लैंगिक सवयींबद्दलची खोदून केलेली चौकशी यांना मनाई केली. ते मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. आश्रय मागताना पहिल्याच मुलाखतीत ही गोष्ट सांगितली नाही, एवढ्यावरून अर्जदाराला खोटे ठरवता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

तरी हंगेरीत एका नायजेरियन अर्जदाराला मानसशास्त्रीय चाचण्यांना सामोरे जावे लागले. शाईचे डाग दाखवून काय दिसते ते विचारणे आणि पावसात उभ्या माणसाचे चित्र काढायला लावणे, अशा त्या चाचण्या होत्या. त्यावरून त्याचा समलिंगी कल सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. २५ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने लैंगिक कल ठरवण्यासाठी अशा चाचण्या वापरण्यावरही बंदी आणली.

एखाद्या माणसाचे मन यंत्राने किंवा चित्राने मोजता येईल, हा समजच चुकीचा आहे. विश्वासार्ह मार्ग एकच. शांतपणे, भाषा समजणारा दुभाषा घेऊन, त्या व्यक्तीची कहाणी ऐकणे. वेगळेपण कधी जाणवले, कशाची भीती वाटली, घरचे कसे वागले, हे विचारणे. त्याला वेळ आणि प्रशिक्षित माणसे लागतात आणि नेमके त्यावरच सरकारे खर्च करायला तयार नसतात.

या कायद्याला दात आहेत का?

थोडेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या समित्या निर्णय देतात, पण त्यांच्याकडे पोलीस नाहीत. टूनेन जिंकले ते ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने निर्णय मानला म्हणून. युगांडाच्या बाबतीत जागतिक बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे कर्ज थांबवले आणि २०२५ मध्ये काही अटींसह ते पुन्हा सुरू केले. कायदा आहे तिथेच राहिला. आर्थिक दबावाचा आणखी एक धोका असतो. मदत थांबली की त्याचे खापर स्थानिक समलिंगी लोकांवरच फोडले जाते.

आश्रयाचा मार्गही अरुंद आहे. केनियातील काकुमा छावणीत मार्च २०२१ मध्ये समलिंगी निर्वासितांवर पेट्रोल बॉम्ब फेकण्यात आला. त्यात भाजलेल्या युगांडातील एका तरुणाचा पुढे मृत्यू झाला. अशा लोकांना तिसऱ्या सुरक्षित देशात हलवणे हाच उपाय उरतो. पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घेण्याचा आपला कार्यक्रमच स्थगित केला आणि सर्वांत मोठ्या दारांपैकी एक बंद झाले.

आशेला जागा देणारी घटना द हेगमध्ये घडली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ८ जुलै २०२५ रोजी तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदझादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. आरोप आहे लिंगाधारित छळाचा, म्हणजे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा. मुली आणि स्त्रियांसोबतच तालिबानच्या लिंगभावविषयक चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तींचाही त्यात समावेश आहे. अटक उद्या होणार नाही. पण अशा व्यक्तींचा छळ हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो, हे त्या न्यायालयाच्या वॉरंटवर पहिल्यांदाच आले.

भारत कुठे उभा आहे?

देशांतर्गत चित्र बरे आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने सज्ञानांमधील संमतीने होणारे संबंध ३७७ मधून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. नवतेज निकालाचा दाखला पुढे बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ज्या देशातून हे कलम जगभर गेले, तिथूनच त्याच्यावरचा उतारा निघाला.

परदेशातील भूमिका याच्याशी जुळत नाही. लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून होणाऱ्या हिंसेवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत जून २०१६ मध्ये आला. २३ मते बाजूने, १८ विरोधात आणि ६ देश तटस्थ. त्या सहांत भारत होता. तेव्हा ३७७ चा विषय न्यायालयात प्रलंबित असल्याची सबब तरी होती. २०१९ मध्ये या पदाला मुदतवाढ देण्याचा ठराव आला, तेव्हा नवतेज निकालाला वर्ष होत आले होते. भारत पुन्हा तटस्थच राहिला.

आश्रयाचे काय? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय काही जणांना ओळखपत्र देते, पण त्यांचे भवितव्य सरकारच्या मर्जीवर असते. राज्यघटनेचे २१ वे कलम मात्र ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, फक्त नागरिकाला नाही. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच आधार घेतला. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाचा सूर बदलला. देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो नागरिकांनाच आहे, असे त्यात म्हटले. अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून दिल्लीत पोहोचलेल्या एखाद्या समलिंगी तरुणासाठी या दोन निकालांमधले अंतर हे जगण्या-मरण्याचे अंतर ठरू शकते.

मग काय व्हायला हवे?

आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखावा, असे राज्यघटनेच्या ५१ व्या कलमात लिहिले आहे. त्यासाठी लगेच १९५१ च्या करारावर सही करण्याची गरज नाही. तीन गोष्टी त्याआधीही करता येतील.

पहिली, मानवी हक्क परिषदेत पुढच्या मतदानाच्या वेळी तटस्थ न राहता बाजूने मत देणे. ठरावात विवाहाची किंवा कोणत्याही नव्या हक्काची मागणी नसते. हिंसा आणि भेदभाव थांबवा, एवढेच त्यात असते. स्वतःच्या घटनापीठाने मान्य केलेली गोष्ट जिनिव्हात मान्य करायला अडचण कसली?

दुसरी, जिवाला धोका असलेल्या ठिकाणी कुणालाही परत पाठवले जाणार नाही, हे तत्त्व लहानशा कायद्याने मान्य करणे. सुरक्षेच्या कारणासाठी अपवाद १९५१ च्या करारातही आहेत. सरसकट दरवाजे उघडा, असे कुणी म्हणत नाही. प्रत्येकाचे प्रकरण ऐकून निर्णय घ्या, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरी, टूनेनना उपलब्ध झालेला मार्ग भारतीयांना खुला करणे. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा भारत १९७९ पासून सदस्य आहे. मात्र वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा पूरक करार त्याने स्वीकारलेला नाही. त्यामुळे देशातील सर्व न्यायालयांत हरलेल्या भारतीय नागरिकाला त्या समितीचे दार ठोठावता येत नाही.

‘आपल्या देशात इतके प्रश्न असताना दुसऱ्यांची चिंता कशाला?’ हा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर १८६० मध्ये आहे. कंपाला किंवा नैरोबीत आज ज्या कलमांखाली एखाद्याच्या दारावर थाप पडते, त्यांचे मूळ इथल्याच दंड संहितेपर्यंत जाते. भारताने ते आपल्या पुस्तकातून पुसले. तटस्थतेचे बटण दाबून मात्र त्या इतिहासातून सुटका होत नाही.